चार बोटं मामा

मामांनी आयुष्यात कुणाच्या तोंडाकडं आधी बघितलं असेल तर शपथ. समोर तहसीलदार उभा राहो, नाहीतर गळ्यात कवड्यांची माळ घातलेला आराधी, मामांची नजर पहिल्यांदा थेट कमरेवर. तिथं ती जराशी रेंगाळायची, मग सावकाश वर चढत तोंडापर्यंत यायची, आणि तोवर निकाल लागलेला असायचा. “दोन बोटं.” “तीन बोटं.” अगदीच हाताबाहेर गेलं असेल तर जीभ वाजवून, “चार बोटं की वो मालक!” म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा कंबर तेवढी वाढली. सगळं तुळजापूर त्यांना चार बोटं मामा म्हणायचं. नवखे यात्रेकरू बिचारे त्यांच्या हाताकडं चोरून बघायचे, एखादं बोट तुटलंय की काय म्हणून. बोटं दहाच्या दहा शाबूत होती, आणि काय चालायची म्हणता!

मामा पटवेकरी, म्हणजे दोऱ्याचं काम करणारे. बायकांची काळी पोत गाठवून द्यायची, कवड्यांच्या माळा ओवायच्या आणि गड्यांसाठी करदोडे वळायचे. देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर कुंकवाच्या दोन दुकानांच्या मध्ये त्यांची एक फळी होती. फळीवर मामा सकाळी बसले की दिवेलागणीलाच उठायचे. एक पाय मुडपलेला, दुसरा पुढं पसरलेला, त्या पायाच्या अंगठ्यात दोऱ्याचा फास अडकवलेला, आणि दोन्ही हात वळण्यात गुंतलेले. जन्मभर दोरा ताणून ताणून अंगठ्याला चक्क खाच पडली होती. “ह्यो माझा चाकर,” मामा अंगठा हलवून दाखवायचे. “पगार मागत न्हाय, रजा मागत न्हाय.”

करदोडा म्हणजे पुरुषांच्या कमरेचा दोरा, हे आता पोरांना सांगावं लागतं. त्या काळी करदोड्यावाचून गडी म्हणजे कासऱ्यावाचून बैल. आमच्याकडं दर नवरात्रात नवा घालायची रीत होती. कंबर क्षणभरही रिकामी ठेवायची नाही, आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा. सोडायचा, कापायचा नाही. करदोडा कापायचा तो घरातलं माणूस गेल्यावरच. म्हणून एरवी कुणी त्याला कात्री लावायची नुसती भाषा केली तरी घरातल्या बायका “शिव शिव” म्हणून कानांवर हात ठेवायच्या.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दर वर्षी येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मापाच्या दोऱ्या त्यांच्या मागच्या खिळ्यांना टांगलेल्या असत. एका माणसाची एक दोरी. दर नवरात्रात कमरेचं माप घ्यायचं आणि दोरीवर तेवढ्या जागी रंगीत रेशमाची खूण बांधायची, दर वर्षी रंग वेगळा. कुठली दोरी कुणाची, हे मामा डोळे झाकून सांगायचे. मी मास्तरीण, मुलींच्या शाळेत सत्तर पोरींची हजेरी घ्यायची, आणि मला एकेका नावाला अडखळायला व्हायचं. म्हणून मला त्यांचा हेवा वाटे.

आम्ही तुळजापुरात राहायला आलो त्या वर्षी माझी नि त्यांची खरी ओळख झाली, ती पोतीमुळं. वर्गात फळा पुसताना पोत खिळ्याला अडकली आणि तुटली. मणी वेचून घरी आले तर सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. “असा मोकळा गळा घेऊन घरात येऊ नकोस गं बाई, आधी गाठवून आण.” आमचे हे नुकतेच कचेरीतून आले होते, त्यांनाही सोबत पिटाळलं. मामांनी मणी ओंजळीत घेतले, पण बघत होते ते ह्यांच्या कमरेकडं.

“कंबर वळखीची वाटती,” ते म्हणाले. “परंड्याच्या मुन्शीजींचे तुमी कोन?”

“थोरला मुलगा,” हे म्हणाले.

मामांनी खिळ्यावरून दोन दोऱ्या उतरवल्या. एक ह्यांची. लग्नानंतर आम्ही देवीच्या दर्शनाला आलो होतो तेव्हा घेतलेल्या मापाची त्यावर एकच लाल खूण होती. मामांनी भर रस्त्यात ह्यांना वळसा घालून माप घेतलं, लाल खुणेपासून बोटं मोजली आणि जीभ वाजवली. “चार बोटं की वो सायेब!” शेजारचा कुंकूवाला फिदीफिदी हसला. ह्यांचं तोंड त्याच्या कुंकवाइतकं लाल झालं.

दुसरी दोरी माझ्या सासऱ्यांची होती. निजामाच्या राज्यात ते परंड्याच्या कचेरीत मुन्शी होते, गादीवर बसून उर्दू कागद लिहायचे. त्या दोरीवरच्या खुणा दर वर्षी पुढं पुढं सरकत गेलेल्या दिसत होत्या. लाल, पिवळी, हिरवी, निळी. मग एकच पांढरी खूण, एकदम खूप मागं आलेली.

“हे बगा बाई,” मामा मला म्हणाले. “मानूस खुर्चीत न्हाय तर गादीवर बसतं, खुना फुडं फुडं जात्यात. मग तहान लागाय लागती, घडीघडीला मोरीत जावं लागतंय, मोरीला मुंग्या लागत्यात. आनि एका वर्साला खून आपसूक मागं येती. लोक म्हनत्यात, रोड झाले, बरं झालं. ते बरं न्हाय.” त्यांनी सगळ्या खुणांच्या पुढचा कोरा दोरा माझ्या हातात दिला. “हितनं फुडं दोरा हाय, मानूस न्हाय.”

सगळं अगदी तसंच घडलं होतं. सासऱ्यांना नवी चप्पल चावायचं निमित्त झालं. अंगठ्याची जखम भरेना, चिघळली, काळी पडली. सोलापूरला पाय कापला आणि तिथंच ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, की हा मधुमेह, बापाला होता, तेव्हा लेकांनी जपून राहा. जपून म्हणजे काय, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता आणि विचारायला आमचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ते मला मामांच्या फळीपाशी कळलं. मामांनी पोत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “पोत आमी घट गाठवली. पन टिकवायची आसंल तर करदोडा बगा.”

घरी जाताना हे फणफणत होते. “दोरे विकायचे सोडून भविष्य कशाला सांगतो हा माणूस?” मी गप्प होते. गप्प होते म्हणजे मनात मोठमोठ्यानं बोलत होते.

खरं तर आमचे हे आधी असे नव्हते. लग्न झालं तेव्हा जमिनीच्या पाहणीचं काम होतं, सायकल मारत अणदूरपासून पार सरहद्दीपर्यंत शिवारं पालथी घालायचे. काटकुळे, काळेसावळे आणि सदा भुकेले. मग आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीतले जुने उर्दू कागद मराठीत उतरवायचं काम निघालं. मुन्शीजींच्या पोटी जन्मल्यामुळं ह्यांचं उर्दू पक्कं. झालं! साहेबांनी ह्यांना खुर्ची दिली, आणि हे जे बसले ते बसलेच. राज्य बदललं, भाषा बदलली आणि आमच्या ह्यांचं पोट सुटलं.

त्यात चहा. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद मराठीत यायचा, तो खुशीनं चहा मागवायचा. पुढ्यात बशी आली की नाही म्हणायची सोय नाही, आणि चहात साखर कमी म्हणजे मान कमी. दिवसाला आठ-दहा कप पाकासारखा चहा पोटात जायचा. घरी सासूबाई. नवरा ह्याच रोगानं गेलेला, तरी पोराच्या पोळीवर तूप-साखर पसरताना त्यांचा हात आखडत नसे. “आता कुठं खात्यापित्या घरचा दिसायला लागलाय,” म्हणून अमावास्येला मीठ-मोहरीनं दृष्ट काढायच्या. मी म्हटलं, “आई, दृष्ट त्या वाटीतल्या साखरेची काढा.” दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बरं, मंगळवारी देवीचा उपास. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, उकडलेला बटाटा, रताळ्याचा शिरा आणि वर केळं. मामांना हे सांगितलं तर ते फळीवर हसून लोळायचेच बाकी राहिले. “उपास करत्यात का बारसं?”

मामांकडं मी आता एकटी जायला लागले होते. पोत सैल झाली, मणी निसटला, काही ना काही काढून जायचं. दवाखान्यात नवे आलेले डॉक्टरही तिथं येऊन बसत. ते पहिल्यांदा आले होते बायकोची पोत घेऊन, आणि मामांनी पट्ट्याची सरकलेली भोकं बघून त्यांचीही तीन बोटं काढली. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी दोऱ्या बघितल्या आणि तासभर फळीवरून हलले नाहीत. “मामा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, “कमरांनी.” डॉक्टरांनीच मला नीट समजावलं. बापाला मधुमेह, दिवसभराची बैठक, सुटलेलं पोट आणि वरून गोड, हे सगळं एका माणसात जमलं की त्याची पाळी येण्याचा धोका फार. अजून रोग झालेला नाही, तोवरच हातात आहे. बापाचं काही बदलता येत नाही, बाकीचं येतं.

येतं, पण कसं? मी बोलले की भांडण, सासूबाईंना सांगितलं की रडारड. शेवटी मामांनी तोड काढली.

त्या नवरात्रात हे करदोडा घ्यायला गेले. मामांनी अगदी मापाचा, एक बोटही सैल नाही, असा काळ्या रेशमाचा करदोडा कमरेला बांधला, आणि त्याला त्यांची ती खास गाठ मारली. ती गाठ मामांना तेवढी सुटायची. ह्यांना तेव्हा काही कळलं नाही. दसऱ्याला पुरणपोळ्या झाल्या, कोजागिरीचं आटवलेलं दूध झालं, दिवाळीचा फराळ झाला, आणि एका सकाळी हे माजघरात पाय ताठ करून, पोट आत ओढून कमरेशी झटापट करताना दिसले. करदोडा काचत होता. नखानं झालं नाही, सुईनं झालं नाही. मी दारात उभी राहून मजा बघत होते.

“हसतेस काय? कात्री आण,” हे ओरडले.

कात्रीचं नाव काढायचा अवकाश, सासूबाई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन धावत आल्या. “काय म्हणालास? करदोडा कापतोस? अरे, मी जिवंत आहे अजून! कोण मेलंय म्हणून कात्री मागतोस?”

“आई, काचतोय.”

“काचू दे! कापायचा नाही म्हणजे नाही!”

ज्या हातांनी तूप-साखर वाढली त्याच हातांत उलथनं घेऊन त्या पहाऱ्याला उभ्या होत्या. पुढं महिनाभर कात्री त्यांनी तांदळाच्या डब्यात लपवली होती. मला ठाऊक होतं, मी काही बोलले नाही.

हे तरातरा मामांकडं गेले. मीही मागोमाग. “ही गाठ सोडा आधी!”

मामांनी शांतपणे अंगठ्यातला दोरा ताणला. “सोडतो की. फुडल्या नवरात्रात. तवर गाठ मागं सरत न्हाय, तुमीच मागं सरा.”

“मी कसा सरू मागं?”

“घाटशीळ हाय की डोंगरावर. रोज सकाळी चढून जावा, दर्शन घ्या, उतरून या. कुनी इचारलं तर देवदर्शन.”

“आणि कचेरीतला चहा? लोकांना नाही म्हटलं तर राग येतो.”

“डाक्टरनं सांगितलं म्हनाल तर लोक हसतील, वर दोन चमचे जादा घालतील. नवस हाय म्हना. देवीला साखर वाहिली. नवसाच्या आड कुनी येत न्हाय.”

आणि खरंच कुणी आलं नाही. कचेरीत ह्यांनी “साखर देवीला वाहिली” म्हटल्यावर शेतकरी कपाळाला हात लावून बिनसाखरेचा चहा मागवू लागले. सासूबाईंनी नवस ऐकला आणि साखरेचा डबा स्वतःहून वरच्या फळीवर ठेवला. नवऱ्याच्या मरणानं जे झालं नाही, ते नवसानं झालं. मला हसावं की रडावं कळेना. हे पहिले चार दिवस घाटशिळेच्या पायऱ्यांवर धापा टाकत मला, मामांना आणि मामांच्या पटवेगिरीला शिव्या घालत चढले. महिन्यानं शिव्या थांबल्या. पावसाळ्यातही पायांत गोळे आले नाहीत तर त्यांना चुकल्यासारखं वाटे, छत्री घेऊन निघायचे.

पुढच्या नवरात्रात मामांनी माप घेतलं, नवा करदोडा बांधला आणि मग ती जुनी गाठ अंगठा नि तर्जनी यांच्या एका झटक्यात सोडली. खूण दोन बोटं मागं आली होती. माझा जीव घाबरा झाला. “मामा, मागं आली? तुम्हीच म्हणाला होता...”

“अवो, ती बसून मागं आली तर भ्यावं. ही चालून आलीया.”

तरी मी ह्यांना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळलं. साखर असेल तर ते विटकरी होतं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्या नळीकडं मी जसं बघत होते तसं मी देवीकडंही कधी बघितलं नसेल. निळं ते निळंच राहिलं. बाहेर येऊन मी भर रस्त्यात रडले, आणि मग जाऊन मामांच्या पुढ्यात पेढ्यांचा पुडा ठेवला. मूर्ख मी. दुसरं काय म्हणणार?

कारण मामांचं एक होतं. दुनियेला मापात राहायला सांगणारा हा माणूस स्वतः दिवसभर पेढे खायचा. देवळातून वर येणारा प्रत्येक ओळखीचा यात्रेकरू प्रसादाचा पुडा उघडून मामांच्या हातावर एक तरी ठेवणारच. पेढा, साखरफुटाणे, खडीसाखर, पुरणाच्या नैवेद्याचा तुकडा. मामी केव्हाच गेलेल्या, मूलबाळ नाही, त्यामुळं कित्येकदा तेच त्यांचं जेवण. मी कधी टोकलं तर म्हणायचे, “बाई, परसाद अंगाला लागत न्हाय.” आणि हे ते चेष्टेनं म्हणत नसत. प्रसाद हे खाणंच नव्हे, त्याचं बोट कमरेत मोजायचं नसतं, अशी त्यांची पक्की खातरी. खिळ्यावर सगळ्या गावाच्या दोऱ्या होत्या, त्यांची स्वतःची नव्हती. “माझी दोरी कशाला? म्या तर रोज माझ्याजवळच हाय.”

नंतरच्या उन्हाळ्यात एकदा गेले तर मामा खुशीत होते. बंडी वर करून त्यांनी पोटावर थाप मारली. “बगा बाई, माझीबी बोटं उतरली! सगळे म्हनत्यात, मामा, झकास बारीक झालाव.” आणि शेजारचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले. रिकामा तांब्या कुंकवाच्या दुकानात पाठवून परत भरून घेतला. मी काही बोलणार, तेवढ्यात मला त्यांचा अंगठा दिसला. खाचेत दोरा रुतून रक्त आलं होतं, करदोड्याचं पिवळं रेशीम बोटभर लाल झालं होतं, आणि मामा वळत होते, हसत होते.

“मामा, अंगठा!”

“काय झालं?” त्यांनी वाकून बघितलं. “आगं बया. कळलंच न्हाय.”

मग मात्र माझा तोल गेला. फळीसमोर उभी राहून वर्गात ओरडत नसेन अशी मी ओरडले. “सगळ्यांची बोटं मोजता आणि स्वतःची मोजायची अक्कल नाही? बसून मागं आली तर भ्यावं, असं कोण म्हणालं होतं? माझ्या सासऱ्यांची पांढरी खूण कुणी दाखवली होती मला?” रस्त्यावरचे यात्रेकरू थांबले. मामा खाली मान घालून अंगठ्यातला दोरा सोडवत होते. 

मी कचेरीत निरोप धाडला तसे हे आले, त्यांनी मामांना सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. नळीतलं निळं औषध भाजक्या विटेसारखं झालं. डॉक्टर म्हणाले, निदान आतापासून तरी गोड बंद. हे म्हणाले, “मामा, तुमचाच उपाय. नवस बोला.” मामांनी हात जोडले. “सायेब, देवीचा परसाद सोडायचा नवस देवीलाच कसा बोलू?” 

अंगठा राहिला नाही. सोलापूरला काढावा लागला. माझ्या तर डोळ्यांपुढं सगळं सासऱ्यांचंच दिसत होतं. पण मामा परत आले, काठी टेकत फळीवर चढले, आणि फळीच्या कडेला एक मोठा खिळा ठोकून त्याला दोरा अडकवला. “चाकर बदलला,” म्हणाले. “ह्यो खिळा बरा. ह्याला साखर चढत न्हाय.” मी हसले आणि लगेच पदर तोंडाला लावला.

प्रसादाचाही त्यांनी मार्ग काढला. पेढा घ्यायचा, कपाळाला लावायचा, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची कंबर बघायची. रानात राबणारा काटक गडी असेल तर, “घ्या, तुमाला चालतंय.” ढेरपोट्या असेल तर पेढा दुसऱ्याला. एका गोल गरगरीत सावकाराला त्यांनी पेढ्याऐवजी घाटशिळेची वाट दाखवली, त्यावरून बाजारात आठवडाभर हशा होता.

त्याच वर्षी ह्यांची बदली परंड्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. मामांनी ह्यांना नवा करदोडा बांधला, गाठ मारली आणि खिळ्यावरच्या ह्यांच्या आणि सासऱ्यांच्या दोऱ्या उतरवून माझ्या हातात ठेवल्या. “आता खुना तुमीच बांधा, बाई. मास्तरनी हाव, चुकायच्या न्हाय.”

“आणि गाठ?” मी विचारलं. “ती कोण सोडणार?”

“ती सोडाय तुमाला हितं यावंच लागंल की. फुडल्या नवरात्रात. वाट बगतो.”

त्या नवरात्रात सासूबाई तापानं आजारी पडल्या. जाणं झालं नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं आम्ही म्हणालो. माणसं म्हणतातच असं. दुसरं नवरात्र यायच्या आत डॉक्टरांचं कार्ड आलं. मामा पहाटे झोपेतच गेले. मागं कुणी नव्हतं, गावानंच सगळं केलं.

ह्यांनी कार्ड दोनदा वाचलं. मग हे आंघोळ करून ओलेत्यानंच माजघरात आले. कमरेचा करदोडा दोन वर्षांत विटून राखाडी झाला होता. गाठ मात्र होती तशी.

“आई, कात्री द्या,” ते म्हणाले.

सासूबाई दचकल्या. “अरे, कोण गेलं आपल्यातलं?”

“मामा.”

 सासूबाई भिंतीला धरत उठल्या, कात्री काढून आणली, पण ह्यांच्या हातात दिली नाही. स्वतः वाकल्या. हे म्हणाले, “गाठीला लावू नका, बाजूनं कापा.” त्यांनी गाठ शाबूत ठेवून बाजूनं कापला आणि गाठीचा तो तुकडा देव्हाऱ्यात ठेवला.

नवा करदोडा मी बांधला. ट्रंकेतून ह्यांची दोरी काढली, कमरेला वळसा घालून माप घेतलं. ह्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “किती बोटं?”

“एकही नाही,” मी म्हणाले, आणि त्याच जागी रेशमाची खूण बांधली.

हे ऐंशी ओलांडून गेले, दोन्ही पाय शाबूत ठेवून. तोवर दर नवरात्रात मी खूण बांधत राहिले. दोन्ही दोऱ्या अजून माझ्या ट्रंकेत आहेत. सासऱ्यांच्या दोरीवर रंग लांबलांब पसरले आहेत, आणि खूप मागं ती एकटी पांढरी खूण. ह्यांच्या दोरीवर सुरुवातीची लाल-पिवळी सोडली तर बाकी सगळं रेशीम, हिरवं, निळं, केशरी, जांभळं, एकावर एक एकाच जागी बसलं आहे, आणि तिथं आता चांगला अंगठ्याएवढा जाड गोळा झाला आहे.